वाचकांचे प्रश्न : धावण्याची नोंद कोणाच्या ताब्यात?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे व्यायामाच्या ॲपविषयी होती. लातूर, बीड, नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि परभणी येथून आलेली पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रांतील मुख्य भाग तेवढा ठेवला आहे आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : लातूरमध्ये आमचा धावणाऱ्यांचा गट आहे. साधारण चाळीस जण आहेत. कोणी शिक्षक, कोणी आडत व्यापारी, दोन डॉक्टर, बाकी नोकरदार. गटातील एका मुलाने स्वतः खपून एक छोटे संकेतस्थळ तयार केले होते. प्रत्येकाने आपले स्ट्रावाचे, म्हणजे धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या ॲपचे, खाते त्याला जोडले की आठवड्यात कोण किती धावले याचा तक्ता रविवारी सकाळी आपोआप तयार होत असे. २०२४ च्या डिसेंबरात त्याने तो बंद केला, कारण नियम बदलले असे तो सांगतो. आम्ही सर्वांनी राजीखुशीने परवानगी दिली होती. धावलो आम्ही, घाम आमचा; मग आमची नोंद एकमेकांना दाखवायला कंपनीची हरकत का असावी?

उत्तर : त्या मुलाने सांगितले ते खरे आहे, आणि त्याने तक्ता बंद केला हेही योग्यच केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्रावाने आपल्या ‘एपीआय’ कराराच्या अटी बदलल्या. एपीआय म्हणजे एका कंपनीच्या साठ्यातील माहिती दुसऱ्या ॲपला घेता यावी यासाठी ठेवलेला दरवाजा; त्या दरवाजातून कोणी, काय आणि कशासाठी न्यायचे हे कंपनी कराराने ठरवते. नव्या अटींतील दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली अशी की, या दरवाजातून घेतलेली एखाद्या व्यक्तीची माहिती बाहेरच्या ॲपने केवळ त्याच व्यक्तीला दाखवावी, इतर कोणालाही दाखवू नये, मग तिने ती माहिती स्ट्रावावर सर्वांसाठी खुली ठेवलेली का असेना. दुसरी अशी की, ही माहिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली घडवण्यासाठी वापरू नये. विकसकांना जुळवून घ्यायला ३० दिवस मिळाले. तुमचा रविवारचा तक्ता म्हणजे एकाची नोंद बाकीच्या एकोणचाळीस जणांना दाखवणे, त्यामुळे तो पहिल्याच अटीत सापडला.

कंपनीची बाजू अशी की, एखाद्याने स्ट्रावावर आपली नोंद फक्त ओळखीच्या लोकांपुरती ठेवलेली असते, पण कधीकाळी जोडलेले आणि नंतर विसरलेले एखादे ॲप तीच नोंद कोणालाही दाखवत असते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हे म्हणणे पोकळ नाही. आपल्यापैकी कितीजणांनी गेल्या पाच वर्षांत ‘परवानगी द्या’ या बटणावर न वाचता बोट ठेवले असेल ते आठवून पाहावे. खेळाडूला त्याच्या कामगिरीविषयी सल्ला देणारी प्रशिक्षणाची ॲप या बदलात अडकणार नाहीत असेही कंपनीने त्याच वेळी सांगितले होते. परंतु कराराची भाषा इतकी आखूड होती की, प्रशिक्षकाने शिष्याची नोंद पाहायची की नाही याबद्दल अशी ॲप चालवणारेच संभ्रमात पडले.

तरीही हे कारण मला पुरते पटत नाही. स्ट्रावाच्या माहितीवरून जगभर बोभाटा झाला तो जानेवारी २०१८ मध्ये. कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. सुमारे १०० कोटी व्यायाम-नोंदी एकत्र करून, जिथे लोक जास्त धावतात तिथे रेषा अधिक उजळ, अशी त्याची रचना होती. नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, अफगाणिस्तान आणि सीरियातील ओसाड भागात काही ठिकाणी रेषांचे लख्ख चौकोन दिसत आहेत. ते लष्करी तळ होते आणि त्या रेषा कुंपणाच्या आतून धावणाऱ्या सैनिकांच्या होत्या. ती माहिती बाहेर गेली ती कोणा तिसऱ्या ॲपमधून गेली नाही, कंपनीच्याच नकाशातून गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीतही तसेच दिसते. इतरांना मनाई करण्याच्या जेमतेम महिनाभर आधी स्ट्रावाने स्वतःची, व्यायामाचे विश्लेषण करून सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय चाचणी स्वरूपात सुरू केली होती. म्हणून माझे मत असे झाले आहे की, या बंधनात वापरणाऱ्याचे रक्षण आहे, पण त्याच्याइतकेच कंपनीच्या साठ्याचेही रक्षण आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळली गेल्यामुळे तुमच्यासारख्या, सगळ्यांच्या संमतीने चाललेल्या गटाचे नुकसान झाले. संमती देणाऱ्याला ‘हो, माझी नोंद या चाळीस जणांना दाखवा’ असे म्हणण्याची सोय करारात ठेवता आली असती. तेव्हा ती ठेवली गेली नाही.

आता करायचे काय? आपल्याकडे नदीवरून शेतात पाणी आणताना पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून टाकावी लागते, आणि त्याचे-आपले बिनसले की सर्वांत आधी तो व्हॉल्व्ह बंद करतो, हे लातूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. तुमच्या गटाचे तसेच झाले आहे. नोंद तयार होते मनगटावरच्या घड्याळात, तेथून ती जाते घड्याळ बनवणाऱ्या कंपनीकडे, तेथून स्ट्रावाकडे आणि तेथून तुमच्या संकेतस्थळाकडे. मधला टप्पा काढून टाका. गार्मिन, पोलर, सुंटो, कोरोस या घड्याळांची खाती प्रशिक्षणाच्या अनेक संकेतस्थळांना थेट जोडता येतात. इंटरव्हल्स डॉट आयसीयू हे त्यांपैकी एक. थेट आलेल्या नोंदीला स्ट्रावाची अट लागत नाही, त्या घड्याळ कंपनीची लागते. ज्यांच्याकडे घड्याळ नाही आणि जे फोनवर स्ट्रावातच नोंद करतात, त्यांना मात्र उगम बदलावा लागेल. अँड्रॉइड फोनवर ओपनट्रॅक्स नावाचे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो असे, ॲप आहे. त्याला खाते लागत नाही, नोंद फोनमध्येच राहते आणि हवी तेव्हा जीपीएक्स फाइल (वाटेवरच्या जागा आणि वेळा लिहिलेली फाइल) म्हणून बाहेर काढता येते. ती फाइल धावणाऱ्याने स्वतः तुमच्या संकेतस्थळावर चढवली की, कोणाच्या दरवाजाचा प्रश्न उरत नाही. रविवारी प्रत्येकाला दोन मिनिटे जास्त लागतील एवढेच. आणि केवळ आठवड्याची बेरीज आणि क्रमांक पुरेसे असतील, तर स्ट्रावाच्या आतच ‘क्लब’ तयार करण्याची सोय आहे; तिथला तक्ता स्ट्रावाचाच असल्याने त्याला ही अट लागू होत नाही.

घड्याळ कंपनी उद्या तसेच करणार नाही कशावरून, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. करू शकते. २०२५ मध्ये गार्मिनने, आपल्या घड्याळातून आलेली नोंद जिथे जिथे दिसेल तिथे आपले नाव दिसले पाहिजे, अशी अट घातली आणि त्यासाठी १ नोव्हेंबर २०२५ ही मुदत दिली. त्या वेळी नाराज झालेल्यांत स्ट्रावाच पुढे होती. त्याच सुमारास, ३० सप्टेंबरला, तिने पेटंटच्या मुद्द्यांवर गार्मिनविरुद्ध अमेरिकेत दावा लावला आणि सुमारे तीन आठवड्यांत तो मागेही घेतला. दुसऱ्याच्या दरवाजावर उभे राहणे कसे असते ते त्या कंपनीलाही तेव्हा कळले असेल. म्हणून गटाच्या मुलाला एवढे सांगा की, जोडणी कोणतीही असो, मूळ फाइल दर महिन्याला उतरवून ठेवायची.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि पोलीस भरतीची तयारी करते. बीडच्या बाहेर रस्त्यावर पहाटे पाच वाजता ती आणि तिच्या दोन मैत्रिणी ८०० मीटरचा सराव करतात. मागच्या महिन्यात तिच्या धावण्याच्या ॲपवर एका अनोळखी मुलाने लिहिले, ‘आज दहा मिनिटे उशिरा निघालीस.’ ती घाबरली आणि तीन दिवस गेलीच नाही. सराव थांबवणे मला मान्य नाही. या ॲपमधून त्याला हे कळते कसे आणि ते बंद कसे करायचे?

उत्तर : सराव थांबू दिला नाही, हे फार चांगले केले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याहून निघालेल्या अविनाश साबळे यांनी २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, सुवर्णपदक आणले. तुमच्या जिल्ह्यातल्या मुलामुलींनी रस्त्यावर धावावे, आणि निर्धास्त धावावे, असे मला मनापासून वाटते.

त्या अनोळखी मुलाला कळते ते असे. यांपैकी बहुतेक ॲपमध्ये प्रौढ व्यक्तीने खाते उघडले की तिची नोंद ‘सर्वांना दिसेल’ अशा स्थितीत असते आणि ती बदलण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडलेले असते. एका नोंदीत सुरुवातीची वेळ, वाट आणि शेवट असतो. एका दिवसाची नोंद पाहून फार कळत नाही, पण वीस दिवसांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की, निघण्याची वेळ, घराचा कोपरा, कोणत्या वारी सुटी आणि कोणत्या वळणावर ती एकटी असते, हे कोणालाही वाचता येते. यात तुमच्या मुलीची काहीही चूक नाही. जगातील सर्वांत कडक सुरक्षेत वावरणारी माणसेही यात सापडली आहेत. २०१८ मध्ये पोलर कंपनीच्या नकाशावरून सैनिकांची आणि गुप्तहेरांची घरे शोधता येतात हे पत्रकारांनी दाखवून दिले आणि कंपनीला ती सोय तात्पुरती बंद ठेवावी लागली. २०२४ मध्ये फ्रान्सच्या ‘ल माँद’ या दैनिकाने राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या स्ट्रावा नोंदींवरून राष्ट्राध्यक्षांच्याच हालचाली कशा कळतात ते छापले.

आज संध्याकाळी मुलीजवळ बसून पुढील गोष्टी करा. फोन तिच्याच हातात असू द्या. ॲप स्ट्रावा असेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी कंट्रोल्स’ उघडा. तेथे खाते आणि नोंदी या दोन्हींसाठी ‘एव्हरीवन’ काढून ‘फॉलोअर्स’ निवडा. त्यानंतर तिच्या फॉलोअर्सची यादी एकेक नाव पाहून तपासा, कारण तो मुलगा त्या यादीत आधीच असेल तर पहिल्या बदलाचा काही उपयोग नाही. त्याला ब्लॉक करा, पण आधी त्याच्या टिप्पणीचा, त्याच्या खात्याचा आणि तारखेचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ‘मॅप व्हिजिबिलिटी’मध्ये धावण्याची सुरुवात आणि शेवट लपवता येतो, हे अंतर १.६ किलोमीटरपर्यंत वाढवता येते आणि ते मोठेच ठेवा. छोटा पट्टा लपवला आणि रोजच्या वाटा वेगवेगळ्या दिशांनी येऊन त्याच्या कडेला थांबू लागल्या की, मधोमध काय आहे याचा अंदाज येतो. खरे तर तिच्यासाठी संपूर्ण नकाशाच लपवणे बरे. भरतीला वेळ लागते, नकाशा लागत नाही. हे सगळे झाल्यावर ‘एडिट पास्ट ॲक्टिव्हिटीज’मध्ये जाऊन जुन्या नोंदींची दृश्यताही बदला, नाहीतर पुढची वाट बंद होते आणि मागची उघडीच राहते.

आता जे सहसा राहून जाते ते सांगतो. तिच्या मनगटावर बँड किंवा घड्याळ असेल तर त्याचे स्वतःचे वेगळे ॲप असते आणि त्या ॲपची दृश्यता वेगळी ठरवावी लागते. एका ठिकाणी झाकलेली नोंद दुसऱ्या ठिकाणी झाकली जाईलच असे नाही. पहिल्या उत्तरात ज्या बंधनावर मी टीका केली ते बंधन येथे मात्र तिच्या कामाचे आहे. स्ट्रावातून नोंद घेणाऱ्या बाहेरच्या ॲपने ती इतरांना दाखवायची नाही, असे ते बंधन सांगते. पण ही अट स्ट्रावातून जाणाऱ्या नोंदीपुरती आहे; बँडमधून थेट दुसऱ्या ॲपकडे जाणाऱ्या नोंदीवर तिची सत्ता नाही. दोन्ही मैत्रिणींच्या फोनमध्येही हेच बदल करा. तिघी सोबत धावतात, त्यामुळे एकीचा नकाशा उघडा असला की तिघींची वेळ आणि जागा कळते. आणि ज्या प्रशिक्षण वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मुली रोज वेळेचा स्क्रीनशॉट टाकतात, तिथे नकाशाचा भाग कापूनच टाका.

त्या मुलाने पुन्हा संपर्क केला किंवा प्रत्यक्ष वाटेवर दिसला, तर गप्प बसू नका. मुलीने स्पष्ट नकार दाखवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे, तिच्या मागे जाणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे. तातडीच्या वेळी ११२ लावा. आणि पहाटेची वेळ अधूनमधून अर्धा तास मागेपुढे करा. हे मुलीला सांगावे लागते याचे मला वाईट वाटते, पण सांगतो.

प्रश्न : मी नांदेडची निवृत्त शिक्षिका आहे. मधुमेहामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे आणि मी फोनमधील गूगल फिटवर पावले मोजते. मुलाने नवीन फोन दिला, त्यात ‘हेल्थ कनेक्ट’ नावाचे काहीतरी प्रत्येक ॲपसाठी परवानगी मागते. माझ्या साखरेचे आकडेही मी एका ॲपमध्ये लिहिते. ते सगळे कुठे जात असेल?

उत्तर : बाई, परवानगी मागितली जाते आहे ही चांगलीच खूण आहे. गूगल फिटमधून इतर ॲपना माहिती देण्याची जुनी व्यवस्था गूगलने गुंडाळायला घेतली; १ मे २०२४ पासून नव्या विकसकांची नोंदणी थांबली आणि जुन्यांना २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली. तिच्या जागी आलेले हेल्थ कनेक्ट अँड्रॉइड १४ पासून फोनचाच भाग झाले आहे. जुन्या व्यवस्थेत माहिती गूगलच्या खात्यातून दुसऱ्या ॲपकडे जात असे. नव्या व्यवस्थेत ती फोनमध्येच साठते आणि ॲप तिथेच येऊन ती वाचते. आयफोनमध्ये २०१४ पासून साधारण हीच पद्धत आहे.

परवानगी वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीसाठी वेगवेगळी असते आणि ‘वाचणे’ वेगळे, ‘लिहिणे’ वेगळे. पावले मोजणाऱ्या ॲपला पावले लिहू द्या. साखरेचे आकडे वाचण्याची परवानगी डॉक्टरांनी सुचवलेल्या ॲपशिवाय कोणालाही देऊ नका. एखाद्या ॲपला आज वाचण्याची परवानगी दिली, तर एरवी त्याला मागचे फक्त ३० दिवस दिसतात. त्याहून जुने हवे असेल तर ते वेगळे विचारते, आणि तेव्हा ‘नको’ म्हणायला संकोच करू नका. मात्र एक लक्षात ठेवा : ॲपने एकदा वाचलेले आकडे त्या कंपनीकडे गेले की हेल्थ कनेक्टचा त्यावर ताबा राहत नाही. जुना फोन अजून घरात असेल तर तो मुलाने विकण्यापूर्वी त्यातले आकडे एका वहीत का होईना उतरवून घ्या. डॉक्टरांना वही चालते.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धावणाऱ्याला दुखापत होण्याआधी इशारा देणारी प्रणाली हा आमचा प्रकल्प आहे. साठ मित्रांची स्ट्रावा खाती जोडून ती प्रणाली शिकवायची असे ठरले होते. मार्गदर्शक म्हणतात की मित्रांनी लेखी संमती दिली तर चालेल. चालेल का?

उत्तर : एपीआयमधून घेतलेल्या माहितीवर प्रणाली शिकवायला करारातच मनाई आहे आणि मित्राच्या संमतीने ती उठत नाही, कारण करार तुमचा आणि कंपनीचा आहे. परंतु प्रत्येक मित्र आपल्या खात्यातील सगळ्या नोंदींचा संच स्वतः उतरवून घेऊ शकतो. त्यातील फाइली त्याने स्वतःच्या हाताने तुम्हाला दिल्या, तर त्या तुम्ही दरवाजातून घेतलेल्या नाहीत. तेव्हा लेखी संमतीला खरा अर्थ येतो. तिच्यात माहिती कशासाठी, किती दिवस आणि प्रकल्पानंतर ती कधी पुसणार हे मराठीत लिहा. तुमच्या प्रकल्पाला वेग, हृदयगती आणि अंतर हवे आहे, जागा नको आहे. म्हणून अक्षांश-रेखांशाचे रकाने पहिल्याच दिवशी काढून टाका, आणि ते काढल्याचे प्रकल्प अहवालात लिहा. परीक्षक विचारतील.

प्रश्न : मी परभणीला वकिली करतो आणि सायकल चालवतो. सहा वर्षांच्या नोंदी एका कंपनीकडे आहेत. मला त्या दुसऱ्या कंपनीकडे हलवायच्या आहेत. ‘माझी माहिती मला द्या किंवा अमुक ठिकाणी पाठवा’ असे कायद्याने मागता येते का?

उत्तर : युरोपात येते. तेथील माहिती संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या २० व्या अनुच्छेदाने व्यक्तीला स्वतःची माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळवण्याचा आणि शक्य असेल तेथे थेट दुसऱ्या सेवेकडे पाठवून घेण्याचा हक्क दिला आहे. गूगलने फिटबिट ही मनगटी बँड बनवणारी कंपनी विकत घेतली तेव्हाही युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता देताना अटी घातल्या : युरोपातील वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायची नाही, आणि इतर ॲपना फिटबिटची माहिती मिळण्याची वाट बंद करायची नाही. दरवाजा उघडा ठेवणे आणि माहितीचा गैरवापर रोखणे ही दोन्ही कामे एकाच आदेशात करता येतात, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे माहिती संरक्षण कायद्याच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात माहिती हलवण्याचा हक्क होता. ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात तो राहिला नाही. तुम्ही वकील आहात, तेव्हा कलम ११ आणि १२ स्वतः वाचालच. त्यांत आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. संमती जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही, म्हणजे मराठीतही, उपलब्ध असली पाहिजे, हेही त्या कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची व्यवस्था आहे. पुसून घेण्याचा हक्क आहे, पण सोबत घेऊन जाण्याचा नाही, ही या कायद्यातील मोठी उणीव आहे. भाडेकरूला घर सोडता येते पण सामान नेता येत नाही, असे कोणी म्हटले तर आपण ऐकून घेऊ का? तुमच्यासारख्यांनी हे लिहून, बोलून, खासदारांपर्यंत नेले पाहिजे.

तोवर कायद्याची वाट पाहू नका, कारण बऱ्याच कंपन्या मागितल्यास संच देतात. स्ट्रावाच्या संकेतस्थळावर खात्याच्या सेटिंग्जमध्ये नोंदींचा संच मागवण्याची सोय आहे. ती सोय खाते बंद करण्याच्या पानावरच ठेवलेली असल्याने लोक घाबरून मागे फिरतात, पण संच मागवल्याने खाते बंद होत नाही. काही तासांत ईमेलवर दुवा येतो. मी हे उशिरा शिकलो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गोगाबाबाच्या टेकडीवर तीन वर्षे रोज सकाळी चढलो त्याच्या नोंदी एका स्वस्त बँडच्या ॲपमध्ये होत्या. कंपनीने ते ॲप बंद केले, मी ईमेल वेळेवर उघडली नाही, आणि हाती उरल्या त्या फक्त महिन्याच्या बेरजा. वडील सोबत चढले होते ते दिवस त्यांत वेगळे दिसत नाहीत.

संच आल्यावर एखादी जीपीएक्स फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वाटेवरच्या प्रत्येक बिंदूसाठी अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ असते. परभणीची असेल तर १९.२ च्या आसपासचा आणि ७६.७ च्या आसपासचा आकडा दिसेल. दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक बदलला की जागा सुमारे ११ मीटरने सरकते, म्हणजे तुमच्या घराचे फाटक आणि शेजाऱ्याचे फाटक या फाइलला वेगळे कळते. ती कोणाला पाठवताना हे ध्यानात ठेवा. पहाटे सव्वापाचला निघालेल्या फेरीची वेळ फाइलमध्ये आदल्या तारखेला २३ वाजून ४५ मिनिटे अशी दिसेल. फाइल बिघडलेली नाही. वेळ ग्रिनिचची आहे, त्यात साडेपाच तास मिळवा.